अमावस्येचं तेल

लातूरला माझी खोली आहे आणि नांदेडला घर. खोलीत एक कॉट, एक शेगडी, दोरीवर वाळत घातलेले कंपनीचे दोन शर्ट. घरात आई, बायको आणि बारावीतली मुलगी. बायको नांदेडच्या शाळेत शिक्षिका आहे आणि तिची नोकरी पक्की, माझी खासगी. म्हणून तिने तिथे राहायचं आणि मी येऊन-जाऊन करायचं असं आम्ही फार पूर्वी ठरवलं. तेव्हा वाटलं होतं, दोन-चार वर्षांचा प्रश्न आहे. आता पन्नाशी आली. चाकूर, अहमदपूर, लोहा या स्टँडांवरचे चहावाले बदलले, मी तोच आहे.

मी सोयाबीन तेलाच्या कारखान्यात रिफायनरी सांभाळतो. सोयाबीनमधून निघालेलं कच्चं तेल काळपट, चिकट आणि वासाचं असतं. त्यात डिंकासारखा गम असतो आणि थोडी आम्लता असते. आधी त्यात मोजकं ॲसिड घालून गम सोडवायचा, मग कॉस्टिक घालून आम्लतेचा साबण करून बाजूला काढायचा. पुढे खास माती घालून तेलाचा रंग उतरवायचा, ती माती फिल्टरमध्ये अडवायची आणि शेवटी वाफेने वास घालवायचा. सांगायला सोपं आहे. कॉस्टिक जास्त पडलं तर चांगलं तेलही साबण होऊन जातं. ॲसिड कमी पडलं तर गम पुढे सरकतो, फिल्टर तुंबतो आणि तेलाचा रंग उतरत नाही. त्यात आम्लता तासाभरात कळते, पण गमचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येतो. तोवर तेल टँकरमध्ये बसून हैदराबादच्या रस्त्याला लागलेलं असतं. त्यामुळे आम्ही सगळे वर्षानुवर्षं अंदाजाने आणि जरा सढळ हातानेच घालत आलो.

मागच्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे आई न्हाणीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, वॉकर धरून ती चालायलाही लागली. पण बायको शाळेत, मुलगी क्लासला, आणि दुपारभर आई घरात एकटी. शेजारच्या काकू डोकावून जातात, पण डोकावणं म्हणजे असणं नव्हे. बायको कधी काही बोलली नाही. ती फक्त मधल्या सुट्टीत घरी फोन करायची आणि आईने उचलायला वेळ लावला की मला करायची. एकशे चाळीस किलोमीटरवर बसून मी काय करणार होतो, ते तिलाही ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे शेठनी कॉम्प्युटरचं मॉडेल आणायचं ठरवलं. पुण्याहून एक मॅडम आल्या. केमिकल इंजिनिअर, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, कामाला चोख. त्यांनी आमची दोन वर्षांची रीडिंग मागून घेतली. तापमान, दाब, आम्लता, गम, रंग, ॲसिड किती, कॉस्टिक किती, माती किती, तेल किती वाया गेलं. त्यावरून त्यांचा प्रोग्राम उद्याच्या तेलात गम किती असेल ते आधीच सांगणार होता, आणि कमीत कमी तेल वाया जाईल पण रंगही बिघडणार नाही असा डोस काढून देणार होता. मला ते पटलं. सढळ हात ही मला कधीच न आवडलेली गोष्ट आहे.

शेठचा दुसरा कारखाना नांदेडला आहे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "साहेब, हे इथं नीट चाललं की नांदेडला बसवायचं. अन् तिथं ते चालवायला माणूस लागंलच. तुमच्याशिवाय कोण? होळीपर्यंत बघतो. नाही जमलं तर मॅडमना नमस्कार, अन् आपलं जुनं बरं."

मी घरी हे फक्त बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आईंना नका सांगू इतक्यात. वाट बघत बसतील." मग म्हणाली, "मीच बसेन."

पोळ्याच्या सुमाराला मॉडेल सुरू झालं. एसी केबिनमध्ये एक मोठा पडदा लागला. आमचा शिफ्ट इनचार्ज चाकूरकडचा, माझ्याच वयाचा, जिभेला हाड नसलेला. त्याने पहिल्याच दिवशी त्या पडद्याचं नाव जावई ठेवलं.

"बघा की," तो म्हणाला, "गार हवेत बसायलाय, कामाला हात लावत न्हाई, अन् आपण सगळे उभे ऱ्हाऊन इचारायलाव, काय पाहिजे तुमाला? जावईच हाय ह्यो."

जावई कामाचा निघाला. सांगितलेला डोस घातला की साबणातून जाणारं तेल खरंच कमी व्हायचं. रंग बरोबर यायचा. मॅडम पुण्याहून रोज बघायच्या, महिन्यातून आठवडाभर इथे यायच्या. पण मधूनच एखाद्या दिवशी सगळं फसायचं. जावई म्हणायचा गम कमी आहे, आम्ही ॲसिड कमी घालायचो, आणि दुपारपर्यंत फिल्टरवरचा दाब चढायला लागायचा. फिल्टर उघडला की आत मातीऐवजी चिखलाचा गोळा. मग तेल परत मागे घ्यायचं, पुन्हा करायचं. महिनाभर वाचवलेलं तेल एका दिवसात जायचं.

"रुसला," इनचार्ज म्हणायचा. "धोंड्यात वाण कमी पडलं वाटतं."

पहिल्यांदा झालं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आम्ही म्हटलं, माणसं रजेवर होती, बदली ऑपरेटरने काहीतरी केलं असेल. पुढच्या महिन्यात झालं तेव्हा ॲसिडच्या पंपाचा डायफ्राम फाटलेला सापडला, सगळं त्याच्यावर गेलं. तिसऱ्यांदा दिवाळीत झालं. दिवाळीत काहीही होतं. चौथ्यांदा बॉयलरची वाफ कमी पडली होती. प्रत्येक वेळी कारण हाताशी होतं आणि प्रत्येक वेळी मला ते अपुरं वाटायचं. डायफ्राम फाटल्याने डोस कमी पडेल, पण गम वाढणार नाही. मी वाफ, पाणी, हवेतला ओलावा, लॅबमधली रसायनं सगळं तपासलं. वारही लावून बघितले. रविवारी आडत बंद असते म्हणून सोमवार-मंगळवारचं तेल जरा वेगळं येतं, हे आम्ही जावयाला सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि ते तो बरोबर सांभाळत होता. हे फसलेले दिवस मात्र कधी बुधवार, कधी शुक्रवार.

मॅडम वैतागल्या नव्हत्या, पण थकल्या होत्या. "सर, तीस दिवसांतले एकोणतीस बरोबर येतात," त्या म्हणाल्या. "कॉलेजात एवढ्यावर पीएचडी मिळते."

"इथे तिसाव्या दिवसावर पगार मिळतो," मी म्हणालो.

शेठ तेवढं बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "होळी कधी आहे हो यंदा?"

मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमच्याकडची येळवस. लातूरकडचा माणूस जगात कुठेही असला तरी त्या दिवशी शेतात येतो, गाव ओस पडतं. सावलीला कडब्याची कोप करायची, आत चुन्याने रंगवलेले दगडाचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि येईल त्याला जेवायला घालायचं. रानातल्या सगळ्या भाज्या आणि शेंगांचे दाणे घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, माठातली आंबील. कारखान्यालाही सुट्टी असते. सुट्टी नाही दिली तरी माणसं येत नाहीत, म्हणून शेठ आधीच देऊन टाकतात.

मला त्या दिवशी नांदेडला जायचं होतं. सकाळी पिशवी भरली आणि आईला फोन केला.

"आज?" आई म्हणाली. "आज निघायचं न्हाई."

"आई, एसटीला अमावस्या नसती."

"एसटीला नसंल. मला हाय. तुझे बाप असते तर त्यांनी सांगितलं असतं. गप तिथंच ऱ्हा."

मी वाद घातला नाही. इतकी वर्षं झाली, कोणत्याही अमावस्येला आईने मला प्रवासाला निघू दिलेलं नाही. पूर्वी हसायचो. पण ती पडल्यापासून तिचं ऐकायचं ठरवलं आहे. ती दिवसभर खिडकीशी काळजी करत बसणार असेल तर माझ्या शहाणपणाचा काय उपयोग?

म्हणून मी इनचार्जच्या शेतात गेलो. मॅडम त्या आठवड्यात लातूरलाच होत्या, त्यांनाही त्याने बोलावलं होतं. ज्वारी कमरेला आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, आणि कोपीपुढे सतरंजीवर त्याचं सगळं खानदान बसलेलं. त्याची बायको मॅडमच्या पानात वाढत सुटली होती.

"वैनी, बास," मॅडम म्हणाल्या. "मला उठता येणार नाही."

"उठायचं कशाला? आज कोण हाय कामाला? तुमचा जावई पन उपाशीच असंल तिकडं."

सगळे हसले. तेवढ्यात माझा फोन वाजला. आई होती.

"निघाला न्हाईस ना?"

"नाही. शेतात जेवायला बसलोय."

"मागच्या अमावस्येला बी असाच हट्ट केलता तू. तवा बी पिशवी भरून बसलतास. मग दुसऱ्या दिशी फोन केलास की बरं झालं आई, न्हाई आलो, मशीन बिघडलंय म्हनून."

ती आणखी बरंच बोलली, मला ऐकू आलं नाही. मागच्या अमावस्येला मी खोलीवर राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी एसटीचा शीण नसताना कामावर गेलो आणि दुपारी फिल्टर तुंबला. त्याच्या आधीचा दिवाळीतला. लक्ष्मीपूजन अमावस्येलाच असतं. त्याच्या आधी डायफ्राम फाटला तो सर्वपित्रीनंतर. आणि पहिला पोळ्यानंतर. पोळाही अमावस्येलाच. यातल्या एकाही सणाची तिथी मला कोणाकडून शिकावी लागली नव्हती, आणि तरी चार महिने मी वाफेचे तक्ते बघत बसलो होतो.

मी इनचार्जला विचारलं, "अमावस्येला मोंढा बंद असतो ना?"

"असतो की. कवापासून. अमावस्येला सौदा कोन करंल?" तो उंडा मोडता मोडता म्हणाला. मग त्याचाही हात थांबला.

मॅडम आमच्या दोघांकडे बघत होत्या. "मोंढा म्हणजे?"

"आडत बाजार," मी सांगितलं. "आपला माल जिथून येतो तो. अमावस्येला लिलाव होत नाहीत. गेटवर गाडी नाही. मग त्या दिवशी प्लांट गोदामातला जुना माल ओढतो. पावसात भिजून आलेला, महिनोन्‌महिने पडून राहिलेला. त्याचं तेल टाकीतून आपल्याकडे यायला एक दिवस लागतो."

"म्हणून नेहमी दुसऱ्या दिवशी," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मोबाइलचं कॅलेंडर उघडलं, बराच वेळ वरखाली केलं. त्यात अमावस्या नव्हती. इनचार्जच्या म्हाताऱ्या आईने कोपीतून विचारलं, पोरीचं काय हरवलं? इनचार्ज म्हणाला, "काही न्हाई गं, पुण्यात अमावस्या येत न्हाई, ती हुडकायलीय." मॅडमही हसल्या. पण लगेच म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं का नाही?"

याचं उत्तर सरळ होतं. सगळ्यांना ठाऊक होतं म्हणून कोणी सांगितलं नाही. गेटवरच्या माणसाला मोंढा बंद असल्याचं माहीत, पण गम म्हणजे काय ते त्याला माहीत नाही. आम्हाला गम माहीत, पण गेटवर आम्ही कधी बघत नाही. आणि रविवार बंद ही जशी कॉम्प्युटरला सांगायची गोष्ट वाटली, तशी अमावस्या वाटली नाही. ती घरात, भिंतीवर असते. कारखान्यात तिचं काय काम?

दुपारी दोन वाजता आम्ही मॅडमसह कारखान्यात आलो. येळवसला कारखान्यात आलेली माणसं बघून वॉचमन घाबरला. ऑफिसातल्या भिंतीवरचं कॅलेंडर, मागे टांगलेल्या जुन्या कॅलेंडरांसकट, काढून मॅडमच्या लॅपटॉपशेजारी ठेवलं आणि मी मागच्या दोन वर्षांच्या अमावस्या वाचत गेलो. दोन वर्षांची रीडिंग त्याच दिवसांनंतर तशीच वाकडी होती. आम्ही सढळ हाताने ॲसिड घालत होतो तोवर ते झाकलं गेलं होतं, एवढंच. रविवारला लागून अमावस्या आली की दोन दिवस मोंढा बंद, आणि तेव्हा तेल आणखी वाईट.

मॅडमनी विचारलं, "तिथी तर दिवसाच्या मधेच सुरू होते. कोणता दिवस धरायचा?"

मी म्हणालो, तिथी धरायचीच नाही. चंद्राचा आणि तेलाचा काही संबंध नाही. गेटवर माल आला की नाही आणि प्लांटने ओढलेला माल गोदामात किती दिवस पडला होता, एवढंच मॉडेलला सांगायचं. उद्या हमालांनी संप केला तरी तेच होईल. मॅडमनी तसंच केलं. त्यांनी प्रोग्राममध्ये त्या रकान्याला 'मोंढा' असंच नाव दिलं, मराठीत.

दुसऱ्या दिवशी प्लांट गोदामातल्या जुन्या मालावर सुरू झाला, आणि त्याचं तेल आमच्याकडे येण्याआधीच जावयाने सांगितलं की गम वाढणार आहे. आम्ही तेवढं ॲसिड वाढवलं. मी दुपारभर फिल्टरच्या दाबाच्या काट्याशेजारी खुर्ची टाकून बसलो. काटा जिथे असायचा तिथेच राहिला. इनचार्ज म्हणाला, "आता पेढे आणा, साहेब, नांदेडचे." त्याला बदलीचं कसं कळलं ते मी विचारलं नाही, कारखान्यात कळतं. मी म्हणालो, एका वेळेवरून काही ठरत नाही. पौषाची आणि माघाची अमावस्या जाऊ दे.

दोन्ही गेल्या. काटा चढला नाही.

होळीच्या आधी शेठनी बोलावलं. त्यांच्यासमोर मॅडमनी पाठवलेले तक्ते होते. ते खूष होते आणि मनापासून होते, हे मला सांगितलं पाहिजे. माझ्यासाठी कॉफी मागवली.

"साहेब, मॅडमशी बोललो," ते म्हणाले. "त्या म्हणतात, आता हे इतकं नीट चाललंय की नांदेडला माणूस पाठवायची गरजच नाही. तिथं फक्त मीटर बसवायचे. पडदा इथंच लावू, शेजारी शेजारी. तुम्ही इथून दोन्ही बघा. तुमच्याइतकं हे कोणाला कळतंय?"

यात काही चूक नव्हती. मीही आकडे मांडले असते तर हेच निघालं असतं. दोन ठिकाणी दोन माणसं ठेवणं म्हणजे सढळ हात. मी कॉफी संपवली. मग आईचं सांगितलं, खुब्याचं, दुपारचं. पूर्वी कधी सांगितलं नव्हतं.

"मला माहीत नव्हतं," शेठ म्हणाले. "असं करू. अमावस्येला मोंढा दोन्हीकडं बंद, गेटवर काम नाही, अन् दुसऱ्या दिवसाचं आता मशीन सांभाळतंय. तुमची आठवड्याची सुट्टी आहे ती आहेच. वर दर अमावस्या तुमची. तेवढं करू शकतो."

बायकोला फोनवर सांगितलं. मुलांचा गलका ऐकू येत होता, मधली सुट्टी असावी. ती म्हणाली, "अमावस्या? आईंना कोण सांगणार?"

आईला मीच सांगितलं, पुढच्या सुट्टीत, समोर बसून. बदलीचं तिला माहीतच नव्हतं, तेव्हा न झाल्याचं दुःखही तिला झालं नाही. ती एवढंच म्हणाली, "शेठला दुसरा दिवस गावला न्हाई का?" मग वॉकर ओढत भिंतीपाशी गेली, कॅलेंडर डोळ्यांजवळ धरून वाचत राहिली. "आदल्या दिशी संध्याकाळी लागतीय. तू काम सोडून दुपारीच नीघ. लागायच्या आत घरात ये."

"दुपारी कसा निघू, आई? पाचला सुट्टी होते."

"मग वाटेत लागंल." तिने कॅलेंडर सोडलं. "लागू दे. पन तू गाडीत असशील. निघताना नसंल ना लागलेली, मग चालतं." असा नियम मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो.

आता तसंच चाललं आहे. एखाद्या महिन्यात तिथी दुपारी लागते, तेव्हा तो नियमही पुरत नाही. त्या दिवशी मी पोचलो की आई दाराशी खुर्चीवर बसलेली असते, मुठीत मीठ-मोहऱ्या. तिला उभं राहून ओवाळता येत नाही म्हणून मी उंबऱ्याबाहेरच वाकतो, ती माझ्यावरून मूठ उतरवते, आणि मगच पिशवी आत जाते. दुसरा दिवस घरी. दुपारी बायको फोन करते तेव्हा मी उचलतो, आणि आम्हा दोघांना बोलायला फारसं काही नसतं.

त्याच संध्याकाळी परत निघावं लागतं, कारण सकाळी माझी शिफ्ट. पहिल्या महिन्यात मी पिशवी उचलली तर आई म्हणाली, "कुठं? अजून सुटली न्हाई." तिथी सुटायला बराच अवकाश होता. मी थांबलो. शेठना फोन करून सांगितलं, सकाळच्या पहिल्या गाडीने येतो, थोडा उशीर होईल. ते म्हणाले, "या सावकाश. काटा ठीक आहे." आई पलीकडे बसून ऐकत होती. फोन ठेवला तशी तिने मुलीला हाक मारली आणि माझ्यासाठी गादी घालायला सांगितली.